गोळ्या लपवून घेतल्या की...

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त (१० ऑक्टोबर) प्रसिद्ध झालेला नैराश्यावरील लेख वाचला. 'मन मोकळे करा' हा सल्ला योग्यच. पण उपचार सुरू झाल्यावर काय होते, तेही यायला हवे होते. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात; मळमळ, तोंडाला कोरड मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते. लोकलाजेस्तव घरच्यांपासून लपवून गोळ्या घेणारा अनेकदा इथेच उपचार सोडतो, कारण धीर देणारे कोणी नसते. बरे वाटल्यावरही साधारण ६ महिने तरी औषध चालू ठेवावे लागते. एकदम बंद केल्यास चक्कर, बेचैनी होऊ शकते आणि लोक 'सवय लागली' म्हणून मोकळे होतात! मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. एवढी माहिती पुढील लेखात चौकटीत छापावी.

– एक वाचक