रोजची भाकर

प्रिय लेकी,

प्रभूच्या नावात खूप आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "बाबा, हल्ली प्रार्थनेला बसते, पण भिंतीशी बोलतेय असं वाटतं." मी तेव्हा काहीतरी बोलून विषय पुढे नेला. रात्री मात्र तुझं ते वाक्य मनातून जाईना. तेव्हा जे नीट सांगता आलं नाही, ते आता लिहितोय.

आधी हे, की तुझं काही चुकलंय असं धरून चालू नकोस. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. ८८वं तर सुरुवातीपासून काळोखाचंच. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुझी आजी गेली त्यानंतर कितीतरी महिने मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करता येत नव्हती. डोळे मिटले की काही सुचायचं नाही. त्या दिवसांत मी रोज सकाळी हे एकच स्तोत्र मोठ्याने वाचायचो आणि आमेन म्हणून उठायचो. ही कसली प्रार्थना, असं वाटायचं. पण त्या स्तोत्रातला माणूस आपला सगळा काळोख सांगतो तो परमेश्वरालाच. पाठ फिरवून निघून जात नाही. मीही तेवढंच करत होतो, आणि त्या महिन्यांत तेवढ्यानेच मला धरून ठेवलं.

म्हणून ख्रिस्त जवळ आहे की नाही, हे त्या सकाळी काय वाटलं यावरून ठरवू नकोस. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, माझ्यामध्ये राहा, जशी फांदी वेलात राहते. हे तो कधी बोलला बघ. वधस्तंभाच्या आदल्या रात्री. काही तासांतच ते सगळे त्याला एकटं टाकून पांगणार होते, आणि पुढच्याच अध्यायात तो तसं त्यांना सांगतोही. माहीत असूनही म्हणतो, राहा. मला याचा फार आधार वाटतो.

आणि हे राहणं रोजचं असतं. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी म्हणून ठेवला तर त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे." तू कॉलेजात असताना त्या शिबिरातून किती भरून परत आली होतीस, मला आठवतं. ते खरंच होतं. पण त्या दिवसांची शिदोरी आज पुरावी अशी अपेक्षा धरलीस, तर रोज सकाळी रिकामंच वाटणार.

वेळ मिळत नाही म्हणालीस. मार्काचा पहिला अध्याय वाच. संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, आजारी माणसांची रीघ. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठून एकांतात प्रार्थनेला जातो, आणि शिष्य येऊन सांगतात की सगळे तुम्हाला शोधताहेत. त्यालाही वेळ सहज मिळाला नव्हता, त्याने तो काढला. तू पंधरा मिनिटं काढ. जागा एकच ठरव आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. एक अध्याय सावकाश वाच, आणि एखाद्या वचनाशी अडखळलीस तर पुढे न जाता तिथेच थांब. तेच वचन परत वाच. मग प्रभूशी जे बोलावंसं वाटेल ते बोल. रागही चालेल, रडूही चालेल. काहीच नसेल तर गप्प बस.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नव्हती. तुझ्या काकांचं आणि माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं, हे तुला माहीत आहे. त्या दोन वर्षांत माझी प्रार्थना एकदाही चुकली नाही. आणि रोज डोळे मिटले की काकांचा चेहरा समोर यायचा. मी म्हणायचो, प्रभू, त्याला सद्बुद्धी दे. एका सकाळी मत्तयाच्या ५व्या अध्यायात वेदीजवळ अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जाण्याचं वचन आलं. शेकडो वेळा ऐकलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे म्हटलेलंच नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. मी पुस्तक मिटलं, चप्पल घातली आणि त्याच्याकडे गेलो. दारात उभा राहून माफी मागितली. तो लगेच विरघळला नाही, त्याला वेळ लागला. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसलो तेव्हा इतक्या दिवसांनी समोर कोणी तरी ऐकतंय असं वाटलं. तुझंही असंच काही असेल असं मी म्हणत नाही. फक्त एकदा शांतपणे बघ.

रात्री झोपण्यापूर्वी दिवस प्रभूसमोर परत आठवत जा. १६व्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सोबत्यांना ही सवय लावली होती. आधी उपकार मानायचे, मग दिवसभरात प्रभू कुठे भेटला आणि आपण कुठे त्याला टाळलं ते बघायचं, क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा मागायची. मी हे अंथरुणावर पडल्या पडल्या करतो. कधी कधी मध्येच झोप लागते, तरी सोडत नाही.

चर्चच्या मंडळीत जाणं मात्र बंद करू नकोस. स्वतःचा आवाज फुटत नाही तेव्हा शेजारचे लोक गातात, त्यांच्यात उभी राहा.

सोमवारपासून मी पुन्हा मार्क सुरू करतोय, रोज सकाळी साडेपाचला एक अध्याय. एकूण १६ आहेत. तूही तिकडे तुझ्या वेळेला तोच अध्याय वाच. सतराव्या दिवशी फोन करतो, तेव्हा कुठे अडखळलीस ते सांग.

तुझा,
बाबा