कार्डावर तेच आहे ना

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सगळी कार्डं उडवून टाकू का?" म्हणजे तुझ्या अभ्यासाची, अँकी ॲपमधली, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेली, एआयकडून बनवून घेतलेली कार्डं. मी म्हटलं, थांब, लिहून कळवते. तू रडवेली झाली होतीस आणि माझी ड्यूटी सुरू व्हायची होती. अशा घाईत दिलेला सल्ला धड नसतो. आज सुट्टी आहे, म्हणून सावकाश लिहिते आहे.

मी तुझी उजळणी घेतली होती, आधी त्या रात्रीचंच बोलते. तू पलंगावर आडवी पडली होतीस, डोळे मिटून, आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. मी प्रश्न वाचायचा, तू उत्तर द्यायचं, असं पाऊण तास चाललं होतं, आणि तुझी तयारी बघून मला मनापासून बरं वाटत होतं. मग ते कार्ड आलं. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, प्रौढ रुग्ण, ॲड्रेनलिनचा डोस आणि मार्ग. माझा प्रश्न पुरता व्हायच्या आत तू म्हणालीस, "एक मिलिग्रॅम, आयव्ही." मी पुन्हा विचारलं. तू डोळे न उघडता तेच सांगितलंस. मी उत्तराची बाजू उघडली तर तिथंही तेच लिहिलेलं. तू म्हणालीस, "कार्डावर तेच आहे ना?"

मुक्ता, ते अर्धा मिलिग्रॅम आहे. एकास हजार ताकदीचं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. एक मिलिग्रॅम शिरेतून, म्हणजे एकास दहा हजारचे दहा मिलिलिटर, हे हृदय बंद पडलेल्या माणसासाठी. ज्याची नाडी लागते आहे अशा माणसाला ते एकदम शिरेत ढकललं तर रक्तदाब भडकतो, हृदयाची लय बिघडते, आणि ॲलर्जीतून वाचला असता असा माणूस आपल्या हातून जाऊ शकतो. क्रॅश ट्रॉलीवर, म्हणजे वॉर्डातल्या तातडीच्या औषधांच्या गाडीवर, ही दोन्ही ॲम्प्युल्स मी २७ वर्षं हाताळते आहे. अजूनही उचलल्यावर लेबल मोठ्यानं वाचते, आणि शेजारचीला वाचायला लावते.

नंतर आपण पुस्तक काढून पाहिलं आणि तू गप्प झालीस. तुझ्या लेक्चरच्या स्लाइड्समध्ये ॲनाफिलॅक्सिस आणि कार्डियाक अरेस्ट एकापाठोपाठ होते. स्लाइड्स बरोबरच होत्या. एआयनं कार्डं बनवताना एकीचा डोस दुसरीला चिकटवला. पण मला खरा धक्का बसला तो कार्डाची माहिती उघडल्यावर. ते तुला सहा वेळा विचारलं गेलं होतं, सहाही वेळा तू 'गुड', म्हणजे 'नीट आलं', हे बटण दाबलं होतंस, आणि पुढची तारीख चार महिन्यांनंतरची होती. चुकीची गोष्ट इतकी पक्की झाली होती की तुझ्या हिशेबानं ती आता उजळायचीही गरज नव्हती.

म्हणजे पद्धत काम करते, आणि फार चांगलं काम करते. म्हणून सगळं उडवू नकोस, हे माझं पहिलं उत्तर.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्मरणावरचं आपलं काम छापलं. अर्थ नसलेली अक्षरं तो स्वतःच पाठ करायचा, आणि ठरावीक वेळानं तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचा. तासाभरानं सुमारे ४४ टक्के कष्ट वाचायचे, एका दिवसानं सुमारे ३४, आणि महिन्यानं सुमारे २१. आकड्यांकडे नीट बघ. मोठी गळती पहिल्याच दिवशी होते, नंतर ती मंदावते. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या लांबत गेल्या तरी चालतात. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकनं १९८७ मध्ये याचंच गणित संगणकात घातलं. पहिली उजळणी एका दिवसानं, दुसरी सहा दिवसांनी, आणि पुढे दर वेळी अंतर साधारण अडीचपट. पंधरा, मग अडतीस, मग पंचाण्णव दिवस. एक गोष्ट पाच महिने डोक्यात ठेवायला अवघ्या पाच उजळण्या. तू वापरतेस त्या अँकीची सुरुवात २००६ ची, पण तिच्या पोटात बरीच वर्षं याच गणिताची सुधारलेली आवृत्ती होती. आता एफएसआरएस हे नवं गणितही आलंय, ते तुझ्या स्वतःच्या उत्तरांवरून तुझी विसरण्याची चाल ओळखतं.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शिकत असताना औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून चिठ्ठ्या करायचे. एका बाजूला औषधाचं नाव, दुसऱ्या बाजूला डोस, मार्ग, आणि देण्याआधी काय बघायचं ते. सगळ्या एप्रनच्या डाव्या खिशात. उत्तर आलं की चिठ्ठी उजव्या खिशात, चुकलं की परत डावीकडे. उजवा खिसा आठवड्यातून एकदा रिकामा करायचा, डावा रोज. पुढे कधीतरी वाचलं की सेबास्टियन लाइट्नर नावाच्या जर्मन पत्रकारानं १९७० च्या दशकात खोक्यांची हीच पद्धत मांडली होती. त्या पुठ्ठ्यांचा मला जो फायदा झाला तो खिशांमुळे झालाच, पण त्याहून जास्त कापण्या-लिहिण्यामुळे झाला. पुठ्ठा तळहाताएवढा. सगळं मावायचं नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना पुस्तक तीनदा वाचावं लागायचं, आणि लिहून होईपर्यंत निम्मं आलेलं असायचं.

माझं म्हणणं इथंच आहे. उजळणीची तारीख यंत्रानं ठरवावी, ते ती माणसापेक्षा चांगली ठरवतं. पण कार्डात काय असावं हे तू ठरवायला हवंस. एआयला तू ऐंशी स्लाइड्स देतेस आणि दोन मिनिटांत दीडशे कार्डं मिळतात. त्या दोन मिनिटांत तुझ्या डोक्यात काहीच घडलेलं नसतं. काय महत्त्वाचं, काय कशासारखं दिसतं, आपण कुठे फसू, हा सगळा विचार तुझ्याऐवजी दुसऱ्यानं केला, आणि तोही तपासणाऱ्याशिवाय.

शिवाय ही कार्डं फुकट मिळाली तरी त्यांचं कर्ज रोज फेडावं लागतं. रोज नवी २० घेतलीस तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. एका कार्डाला दहा सेकंद धरली तरी अर्धा तास. तेवढं झेपतं. पण तू रोज शंभर-दीडशे आत घेत होतीस, आणि म्हणून त्या रात्री स्क्रीनवर उजळायच्या राहिलेल्या कार्डांचा २,३४० हा आकडा दिसला. तो तुझ्या आळसाचा आकडा नाही, गं. कुणीही बसलं असतं तरी तो तसाच चढला असता.

त्यातून आणखी एक सवय तुला लागली आहे, रागावू नकोस. रात्री एक-दीड वाजता कार्डं संपवायची म्हणून तू उत्तर मनात पुरतं यायच्या आतच कार्ड उलटतेस, आणि उत्तर दिसलं की "हां, माहीत होतं" म्हणून 'गुड' दाबतेस. दिसल्यावर ओळखू येणं वेगळं आणि न बघता आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे दाखवलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र चित्र उलटलं: लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, नुसतं वाचणाऱ्यांना ४२. आठवताना जो त्रास होतो तोच कामाला येतो. उत्तर तोंडानं म्हण, पुटपुटलीस तरी चालेल, आणि मगच कार्ड उलट. आणि आलं नसेल तर 'अगेन'च, म्हणजे 'पुन्हा विचार'च दाब. 'हार्ड' म्हणजे कष्टानं का होईना आलं. न आलेल्याला 'हार्ड' दाबलंस तर गणित तुझ्याबद्दल खोटं शिकतं.

आता काय करायचं ते सांगते. नवी कार्डं पंधरा दिवस पूर्ण बंद. जुन्यांपैकी जी एआयनं केली आणि तू अजून एकदाही उघडलेली नाहीस ती काढून टाक, डोळे मिटून. त्यात तुझं काहीच गुंतलेलं नाही. उरलेली रोज १५०, त्याहून एकही नाही. ज्या कार्डात डोस, मार्ग किंवा 'हे देऊ नये' असं काही आहे ते समोर आलं की उत्तर देण्याआधी पुस्तकाशी ताडून बघ, आणि कार्डाच्या मागे पानाचा नंबर टाक. ज्याचा नंबर सापडत नाही ते कार्ड डेकमध्ये, म्हणजे तुझ्या गठ्ठ्यात, ठेवायचं नाही. आणि एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की अँकी त्यावर 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारते, आणि तसं सेटिंग असेल तर बाजूलाही काढते. ते परत आत ढकलू नकोस. ते कार्ड वाईट लिहिलेलं असतं, किंवा खालचा पायाच कच्चा असतो.

पायाचं उदाहरण तुझ्याच डेकमधलं देते. "डिजॉक्सिन टॉक्सिसिटी वाढवणारे घटक लिहा." म्हणजे हृदयाचं हे औषध कशाकशानं जास्त बाधतं. उत्तरात सात गोष्टी. सातही एका दमात येणार नाहीत, आणि पाच आल्यावर तू काय दाबणार? त्याऐवजी एकच विचार: पोटॅशियम कमी असताना डिजॉक्सिन जास्त का बाधतं? कारण दोघंही पेशीवरच्या सोडियम-पोटॅशियम पंपाच्या एकाच जागेसाठी भांडतात. पोटॅशियम कमी पडलं की डिजॉक्सिनला रान मोकळं. हे एकदा कळलं की वॉर्डात डाययुरेटिकवरचा, म्हणजे लघवीवाटे पोटॅशियमही घालवणाऱ्या औषधावरचा, म्हातारा पेशंट मळमळ सांगायला लागला, सगळं पिवळं दिसतंय म्हणाला, तर तुझा हात आपोआप पोटॅशियमच्या रिपोर्टकडे जाईल. सात घटकांची यादी पाठ असलेल्याचा जाईलच असं नाही. मी दोन्ही प्रकारचे डॉक्टर पाहिले आहेत.

एआय सोडून दे असं मी म्हणत नाही. त्याला परीक्षक कर. दिवसभरात तू जे चुकलीस ते त्याला सांग आणि म्हण, याच मुद्द्यावर मला वेगवेगळ्या पेशंटच्या रूपात पाच प्रश्न विचार, उत्तर आधी देऊ नकोस. दोन गोष्टींत तुझी गल्लत होत असेल तर दोन्ही शेजारी मांडायला लाव. तू स्वतः लिहिलेलं कार्ड त्याला दाखव आणि विचार, याचे दोन अर्थ निघतात का. अशा वेळी ते फार कामाचं आहे, आणि रात्री अकरा वाजता न कंटाळता व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेणारं दुसरं कुणी मिळणारही नाही. फक्त त्यानं सांगितलेला आकडा पुस्तकात बघितल्याशिवाय कार्डावर चढवायचा नाही. आणि पेशंटचं नाव, केस नंबर, रिपोर्टचा फोटो त्यात कधीही टाकायचा नाही. घाईत सुद्धा नाही.

पंधरा दिवस झाले की रोज दहाच नवी कार्डं कर, पण दिवसभरात जे अडलं, जे सरांनी विचारल्यावर आलं नाही, ज्या पेशंटजवळ उभं राहून "हे काय असेल" असं वाटलं, त्याची. तसं कार्ड समोर आलं की त्यामागचा चेहरा, पलंग, तो दिवस आठवतो. मला अजून एका पुठ्ठ्यावरचं 'पोटॅशियम क्लोराइड, कधीही थेट शिरेत नाही, पातळ करूनच' हे माझ्या तेव्हाच्या अक्षरात दिसतं. ज्या रात्री ते लिहिलं ती रात्रही दिसते.

झोप मोडून कार्डं करू नकोस. दोनशे राहिली तर राहिली.

आता त्या ॲड्रेनलिनच्या कार्डाबद्दल. त्या रात्री तू ते लगेच दुरुस्त केलंस, मी बघत होते. पण उत्तर बदललं म्हणून तारीख बदलत नाही. ते कार्ड अजूनही चार महिन्यांनीच यायचं आहे, आणि तोवर सहा वेळा पक्कं केलेलं जुनं उत्तर तुझ्या जिभेवर बसलेलं असेल. ते रीसेट कर, नव्या कार्डासारखं पहिल्यापासून येऊ दे. शेजारी अरेस्टच्या डोसचं दुसरं कार्ड कर, आणि दोन्हींत एकास किती ते लिही. गुरुवारी रात्री फोन करीन तेव्हा आधी हेच विचारणार आहे, मग जेवलीस का ते.

तुझी,
आई