अठरा कोटी राहू द्या, कॅप्सूल कुठाय?

संपादक साहेब,
नमस्कार.

काल पहिल्या पानावर तुमचं ते 'सिकलसेल आता मुळापासून बरा' हेडिंग आलं आणि सकाळी साडेसातपासून माझा फोन वाजतोय. आधी मेहुणा, मग भंडाऱ्याची आत्या, मग वरच्या मजल्यावरचे काका, सगळे अभिनंदन करायला, जशी काही माझी पोरगी बोर्डात आली. ती एसएस आहे, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक आई-बाप दोघांकडून मिळालेली, सोळा वर्षांची. तिनंही वाचलं. म्हणे, बाबा मला कधी मिळेल ते? आता काय सांगू बाप्पा, तुम्हीच सांगा.

बातमी खोटी आहे असं म्हणत नाही. तुमच्या बातमीतल्या कॅसजेव्ही या जनुक-उपचाराला 2023 च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत मंजुरी मिळाली, पेशंटच्याच पेशी काढून, जनुकात बदल करून परत घालतात, शास्त्रज्ञांना दंडवत. पण अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं आपले 18 कोटी, ती तुम्ही आतल्या पानावर शेवटच्या ओळीत टाकली. आधी केमो देऊन जुना बोन मॅरो (हाडातला मगज) रिकामा करावा लागतो, हे तर कुठंच नाही. आणि हे सगळं करूनही पुढच्या पिढीला ते जनुक जायचं थांबत नाही, मग 'मुळापासून' काहून लिहिलं?

दुसऱ्याचा बोन मॅरो बसवण्यासाठी आम्ही धाकट्याची टेस्ट केली होती. भावंडाचं जुळायचा चान्स चारात एक. नाही जुळलं. आम्ही दोघं नवरा-बायको एएस, म्हणजे ते जनुक एकेकच असलेले वाहक, तर पोर एसएस व्हायचाही चान्स चारात एकच, तो मात्र बरोब्बर लागला.

राहिली हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. जुनं औषध, त्यानं आजार जात नाही पण दुखण्याचे झटके कमी होतात, आमच्या पोरीचे तर झालेच होते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, म्हणजे स्टॉक असला तर. मागच्या पावसाळ्यात दीड महिना खिडकीवर एकच उत्तर, "पुढच्या मंगळवारी या". तिसऱ्या मंगळवारनंतर रात्री दोनला तिचे पाय आणि पाठ इतकी दुखायला लागली की हात लावू देईना. जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं तर ड्युटीवरचे डॉक्टर हसून विचारतात, "उद्या पेपर आहे का गं?" सिकलसेलचं कार्ड दाखवल्यावर मग सलाईन लावलं. ती पोरगी त्या रात्री रडली ते दुखण्यानं नाही.

मध्य प्रदेशात शहडोलला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, 2047 पर्यंत निर्मूलन म्हणे. छान. तोवर माझी पोरगी चाळिशीच्या आसपास असेल. मंगळवारच्या कॅप्सूलवर कधी पहिल्या पानावर लिहिलंत का?

आणि हो, त्याच अंकात पान 9 वर 'सिकलसेल, थॅलेसेमिया, सोरायसिस, गॅरंटीने' अशी वैद्यबुवांची जाहिरात आहे. आत्यानं त्यांचा नंबरही पाठवला मला, तुमच्या पेपरात आहे म्हणजे खरंच असेल म्हणून. ती काढा, कॅप्सूलबद्दल चार ओळी तिथं आरामात बसतील.

आपला,
एसएस मुलीचा बाप, चंद्रपूर

ता.क. ॲडमिट असली की ती तुमचं शब्दकोडं सोडवते. गेल्या दोन रविवारची उत्तरं छापलीच नाहीत. तेवढं तरी बघा.