परासियाकडच्या खाणीत गेलेल्या पणजोबांचा शोध

इंदूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पणजोबांचं नाव गणपत, वडिलांचं नाव सखाराम, ‘परासियाकडच्या खाणीत पाण्यात गेले’, साल ठाऊक नाही. एवढ्यावर शोध लागू शकतो, पण नावापासून सुरुवात करू नकोस. आधी खाण आणि तारीख पक्की कर. गणपत प्रत्येक खाणीत असतात. पाणी प्रत्येक खाणीत त्याच दिवशी घुसत नाही.

परासिया छिंदवाडा जिल्ह्यात येतं. तिथल्या पेंच-कन्हान कोळसापट्ट्यात पाणी घुसून झालेल्या दोन दुर्घटना आधी तपास. न्यूटन चिखली, १० डिसेंबर १९५४, ६३ मृत्यू. दमुआ, ५ जानेवारी १९६०, १६ मृत्यू. यातली कुठली, हे बडोद्यात बसूनच कळेल. आत्याला श्राद्धाची तिथी विचार. १० डिसेंबर १९५४ दत्तजयंतीच्या आगेमागे येते, ५ जानेवारी १९६० पौष शुद्धात. जुन्या बायकांना इंग्रजी साल आठवत नाही, तिथी सहसा चुकत नाही. मात्र पाण्याच्या अपघातात आधी पंप लावून खाण उपसावी लागते, प्रेतं उशिरा निघतात. म्हणून घरची तिथी प्रेत मिळालेल्या दिवसाची असू शकते. प्रेत मिळालंच नसेल, तर पालाशविधी (पळसाच्या पानांचा पुतळा करून केलेले अंत्यसंस्कार) कधी आणि कुठे केला तेही विचार. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला विधी झाला असेल, तर तिथल्या उपाध्यांच्या वहीत घराण्याची नावं सापडण्याचा संभव आहे.

आता दप्तर कुठे शोधायचं? हल्लीचा नकाशा डोक्यातून काढून टाक. १९५४ साली आमचं इंदूर मध्यभारतात होतं, इथल्या कचेरीत तुला काही मिळणार नाही. छिंदवाडा तेव्हाच्या मध्य प्रदेशात, आणि त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा भोपाळकडे राहिला. त्यामुळे सरकारी फायली नागपूर आणि भोपाळ, दोन्ही अभिलेखागारांत विचाराव्या लागतात. वर्तमानपत्रं मात्र नागपूरचीच बघायची. न्यूटन चिखली असेल तर ‘हितवाद’ या इंग्रजी दैनिकाचे ११ डिसेंबर १९५४ पासूनचे अंक सलग चाळ. पहिल्या दिवशी नुसता आकडा असतो आणि तोही चुकीचा. नावं आलीच तर नंतर येतात. डिसेंबर १९५४ च्या लोकसभेच्या छापील चर्चाही बघून घे, त्या ऑनलाइन आहेत. शोधताना चिखली आणि चिकली, दोन्ही टाक.

खाण सुरक्षा महानिदेशालय धनबादला आहे. त्यांच्या जुन्या वार्षिक अहवालांत खाण, तारीख, कारण, मृतांची संख्या मिळते. नावांची आशा तिथे फार धरू नकोस. मोठ्या अपघातानंतर १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम २४ खाली चौकशी न्यायालय नेमता येत असे. त्याच्या अहवालाची प्रत मागशील तेव्हा ‘परिशिष्टांसह’ हा शब्द विसरू नकोस. यादी असलीच तर शेवटच्या पानांत असते आणि झेरॉक्स करणारा नेमकी तीच गाळतो.

माझ्या मते खरा ऐवज नुकसानभरपाईच्या फायलीत असतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मृत्यूची भरपाई मालकाला परस्पर विधवेच्या हातात देता येत नसे, नुकसानभरपाई कमिशनरकडे जमा करावी लागे. मग कमिशनर वारसांना बोलावून वाटणी करत असे. म्हणजे त्या फायलीत विधवा, मुलं, त्यांची वयं, गाव, अंगठे असं सगळं येतं. विधवेची किंवा अज्ञान मुलांची रक्कम गुंतवून ठेवली असेल, तर पुढच्या वर्षांच्या नोंदीही निघतात. ही फाईल छिंदवाड्याच्या जिल्हा अभिलेखागारात आणि श्रम न्यायालयाच्या जुन्या दप्तरात, दोन्हीकडे विचार. एक मेख लक्षात ठेव. त्या वेळच्या व्याख्येत मुख्य वारस म्हणजे विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई. तुझे आजोबा तेव्हा सज्ञान असतील तर त्यांचं नाव तिथे नसेलही. तेवढ्यावरून ‘हा आपला गणपत नाही’ असं ठरवू नकोस. आणि पणजोबा ठेकेदाराकडे असतील, तर खाणीच्या पटावर न दिसता भरपाईच्या फायलीत दिसू शकतील, कारण जबाबदारी मूळ मालकावरही येत असे.

खाणीचा पट म्हणजे कामगारांची नोंदवही; १९५५ च्या नियमांत तिला फॉर्म बी म्हटलं. त्यात नाव, बापाचं नाव, वय, काम, कामावर लागल्याची तारीख आणि सही किंवा अंगठा. शिवाय त्या पाळीत खाली कोण आहे याची हाजिरी वेगळी. दोन्ही मागायची, कारण दुसऱ्याच्या नावावर खाली उतरणारे बदली कामगारही असत. प्रेत ओळखण्यापलीकडे गेलं असेल तर कॅपलॅम्पच्या (टोपीवरच्या दिव्याच्या) नंबरावरून माणूस ठरतो, म्हणून बत्तीघराचं रजिस्टर मिळालं तर सोन्याहून पिवळं. नाव वाचताना डोळे उघडे ठेव. नोंदणाऱ्या बाबूच्या कानाला जे ऐकू आलं ते नाव: गनपत, गुनपत, गणपति. आडनाव बहुतेकदा नाहीच, त्या जागी जात. ‘गणपत कुणबी वल्द सखाराम, साकिन अमुक’, म्हणजे सखारामचा मुलगा, राहणार अमुक. म्हणून आडनावाने शोधलंस तर हात हलवत परत येशील. बापाचं नाव आणि गाव ही जोडी जुळली पाहिजे. वय धरू नकोस, ते अंदाजपंचे लिहिलेलं असतं.

कोळसा खाण कामगारांच्या भविष्य निधीचा कायदा १९४८ चा. पणजोबा सभासद असतील तर नामनिर्देशनाच्या कागदावर पणजीचं नाव असेल; त्याचं मुख्य कार्यालयही धनबादलाच.

मृत्यूची नोंद मूळ गावी शोधू नकोस. ती जिथे मृत्यू झाला तिथल्या कोटवाराच्या (गावच्या चौकीदाराच्या) वहीत आणि पोलीस ठाण्यात जात असे. मूळ गावच्या कोतवाल बुकात जन्माच्या नोंदी मिळतील. जातीच्या दाखल्यासाठी तुमच्या चुलत घराण्याने नक्कल काढली असेलच, आधी ती माग.

१९७३ च्या राष्ट्रीयीकरणात खासगी कंपन्यांच्या खाणी सरकारकडे आल्या. परासियाचं पेंच क्षेत्र आज वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहे, मुख्यालय नागपूर. मालक बदलताना बरीच रजिस्टरं गहाळ झाली, उरलेल्यांवर वाळवी. तरी माहिती अधिकाराचा अर्ज टाकच, दहा रुपयांत. धनबादच्या महानिदेशालयाला एक, वेस्टर्न कोलफिल्ड्सला दुसरा. ‘माझ्या पणजोबांचा शोध घ्यावा’ असं लिहिलंस की अर्ज फेटाळला म्हणून समज. कागदाचं नाव लिहून माग: अमुक तारखेच्या अपघातातल्या मृतांची यादी, कामगारांचा पट (फॉर्म बी), त्या पाळीची हाजिरी. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) दाखव. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला ती सबब लागू होत नाही. ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर कागद नष्ट केल्याची नोंद आणि आदेशाची प्रत माग. पुष्कळदा या दुसऱ्या अर्जानंतरच कपाट उघडतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. प्रत दोन रुपये पान. पण आधी पाहणी माग, पहिला तास फुकट, नंतर तासाला पाच रुपये. रजिस्टर स्वतः चाळलेलं केव्हाही बरं.

परासियाला जायची वेळ आली तर आधी इकडे ये, इंदूरहून पेंच व्हॅली एक्सप्रेस थेट जाते. शनिवार-रविवार टाळ, आणि बापाचं नाव असलेला घरातला एखादा जुना कागद सोबत ठेव.

आत्याकडून तिथी कळली की लगेच लिही, दोन्ही अर्जांचे मसुदे मी करून पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक