विषय : पावसाळी म्हणून विकलेला तंबू पहिल्याच पावसात गळला, त्याचे पैसे परत मिळणेबाबत

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलोय, कारण त्या मुलाशी परत बोलायची माझी इच्छा नाही.

आम्ही धुळ्याचे. पोरं आणि आई यांना घेऊन मांडूला गोरखचिंचेची झाडं बघायला गेलो होतो, शिरपूर, सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडून पुढे. मूळ आफ्रिकेचं झाड, खोडात पाणी साठवतं म्हणून एवढं फुगतं, आम्ही सगळ्यांनी हात धरले तरी वेढा पुरा झाला नाही. त्याचं फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत मान टाकतं, ते बघायचं म्हणून तर तंबू घेतला, नाहीतर लॉज होतेच की. एका शेतकरीदादांनी त्यांच्या बांधाजवळ मोकळ्यात तंबू लावू दिला.

रात्री तासभर पाऊस आला, वादळ नाही, गारा नाही, साधा पाऊस. वरच्या कव्हरच्या शिलाईवरची टेप आतून सुटून लोंबायला लागली आणि सुईच्या प्रत्येक भोकातून थेंब गळायला लागले. टॅगवर 3000 एमएम लिहिलंय, म्हणजे पाण्याचा किती दाब झेलतो त्याचं माप, ते कापडाचं असेल, शिलाईचं काय? तुम्हीच बनवता, तुम्हाला माहीतच असेल. गोधड्या भिजल्या, कळण्याच्या भाकरी भिजल्या, आई म्हणे "इतला पैसा दिसन बी पानीमाच जपानं का?" (इतके पैसे देऊनही पाण्यातच झोपायचं का?) पाऊस उघडला तेव्हा आम्ही गाडीत पोरांचे कपडे बदलत होतो, फूल बघायचं राहिलं ते राहिलंच.

आता तुमच्या माणसाचं ऐका. पहिला प्रश्न, "सर, तंबू पावसात वापरला होता का?" म्हटलं हो, पावसातच गळला ना. मग होल्डवर टाकलं, बराच वेळ गाणं ऐकवलं आणि परत येऊन म्हणतो, "सर, पाऊस नैसर्गिक आपत्तीत येतो, वॉरंटीत बसत नाही." अहो, खान्देशात आम्ही पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो, त्याला आपत्ती म्हणता? तुमच्या जाहिरातीत तोच तंबू धो धो पावसात दाखवलाय! मग म्हणे झाडाचं पाणी गळलं असेल. झाड लांब होतं, फोटो आधीच पाठवलेत, तुमच्याकडे कोणी उघडून तरी बघितले का? आणि शेवटी काय, "सर, सोबत म्हातारं माणूस होतं तर लॉजवर का नाही थांबले?" हे विचारायचा अधिकार त्याला कोणी दिला? माझ्या आईला कुठे न्यायचं ते मी ठरवीन, तुम्ही शिलाई नीट करा.

भारतीय कंपनी म्हणून मी तुमचा तंबू घेतला होता, मित्रांनाही सांगितलं होतं, त्याचं जास्त वाईट वाटतं.

मला रिपेअर नको, कूपन तर अजिबातच नको, पूर्ण पैसे परत पाहिजेत. पंधरा दिवसांत आले नाहीत तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच केस टाकता येते, म्हणजे तुम्हाला धुळ्याला यावं लागेल. आणि पाऊस ही आपत्ती आहे हे तुमच्या वॉरंटीत कुठे लिहिलंय ते मला लेखी कळवा.

सोबत बिल, टॅगचा फोटो आणि सुटलेल्या टेपचा व्हिडिओ जोडलाय.