ट्रामचे घोडे आणि दादर टी.टी.

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या ट्रामवरचा लेख वाचला. फोटो झकास होते. पण ‘१८७४ साली मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली’ हे वाक्य वाचून चहाचा कप खाली ठेवला. लेखकाने घोड्यांना साफ गाळलं की हो!

९ मे १८७४ ला धावली ती घोड्यांची ट्राम. मार्ग दोन: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. डबा ओढायला एक किंवा दोन घोडे. कुलाबा ते पायधुणी सुरुवातीला तीन आणे पडत, ते पुढे दोनवर आले. विजेवरची पहिली ट्राम आली थेट ७ मे १९०७ ला. मधली ३३ वर्षं मुंबईकर घोड्यांच्या जिवावर फिरले.

मला यातलं कळतं ते थोरल्या आप्पांमुळे. आमचे हे चुलते खानापूर तालुक्यातून मुंबईला गेले आणि ट्रामवर कंडक्टर झाले. तेव्हा बेळगावातून मीटरगेजनं पुण्याला जायचं, तिथं गाडी बदलायची. आणि १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे मुंबईला जाणं म्हणजे आपल्याच राजधानीला जाणं. नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथं उगाळत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत एकदा त्यांनी मला मुंबईला नेलं. ड्रायव्हर पायानं घंटा वाजवायचा, ठण्ण ठण्ण. गल्लीतल्या पोरांना ती नक्कल करून दाखवताना माझी टाच सुजली होती. ट्रामला मागं-पुढं असं काही नसतं, हेही तेव्हाच कळलं. शेवटचा स्टॉप आला की ड्रायव्हर आपला हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचा आणि मागचं तोंड पुढचं व्हायचं. बैलगाडी वळवायला अर्धं शेत लागतं हे पाहिलेल्या पोराला ही जादूच वाटली.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम गेली. आप्पांची त्या दिवशी ड्यूटी नव्हती, पण गडी वाट बघत रस्त्यावर उभा राहिला. गर्दीमुळे आत कोण आहे तेसुद्धा दिसलं नाही, म्हणायचे. पुढं ते बसवर गेले. बसबद्दल मात्र घरी कधी चकार शब्द काढला नाही.

लेखात आणखी एक गोष्ट यायला हवी होती. बेळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालेली आपली माणसं पहाटे ‘टी.टी., टी.टी.’ अशी हाक ऐकून डोळे चोळत दादरला उतरतात. हे टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. माझा नातू ते टेबल टेनिस समजत होता! ‘बेस्ट’मधला शेवटचा ‘टी’सुद्धा मुळात ट्रामवेजचाच. ७ ऑगस्ट १९४७ ला कंपनी पालिकेच्या ताब्यात आल्यावर त्याचा ट्रान्सपोर्ट झाला. रूळ उखडले तरी हाक राहिली. सगळे रूळही उखडले नव्हते म्हणा. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम करताना जुने रूळ वर आले. तिथंच शेजारी हुतात्मा चौक. सीमाभागातली माणसं तिथं जातात ती वेगळ्या कारणानं, पायाखाली कोण बघतो?

तर घोड्यांची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. आणि खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या ज्या घरांतून माणसं ट्रामवर होती, त्यांच्याकडे जुना बिल्ला, तिकिटं, एखादा फोटो असेल तर तो मागवून पुरवणीत द्यावा. आमच्याकडे आप्पांची तिकिटं पंच करायची चिमटी आहे. गंजलीय, पण अजून भोक पाडते.

आपला,
एक जुना वाचक
शहापूर, बेळगाव