‘डोळे नॉर्मल’ या शेऱ्यानंतर काय?

महोदय,

नजर ६/६, डोळ्याचा पडदा (रेटिना) ठीक, एमआरआय स्वच्छ, आणि तरीही सिग्नल गेलेल्या टीव्हीवर येतात तशा मुंग्या डोळ्यांसमोर अष्टौप्रहर. अशा तक्रारीवर ‘ताण घेऊ नका’ एवढेच सांगून बोळवण होते, हे अन्यायाचे आहे. या त्रासाला व्हिज्युअल स्नो सिंड्रोम असे नाव आहे. वैद्यकीय नियतकालिकात त्याचे वर्णन १९९५ साली आले आणि २०१८च्या आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणाच्या परिशिष्टात निकषही दिलेले आहेत. ते जवळजवळ सगळे रुग्णाच्या सांगण्यावरच ठरतात. म्हणून सांगणे नेमके हवे आणि ऐकणेही.

निकष असे : संपूर्ण दृष्टिक्षेत्रात बारीक, हलते ठिपके तीन महिन्यांहून अधिक काळ सतत दिसायला हवेत. जोडीला चारपैकी किमान दोन लक्षणे हवीत. नजर हटवल्यावरही वस्तूची प्रतिमा रेंगाळणे किंवा हलत्या हातामागे छटा ओढली जाणे. डोळ्यातल्याच गोष्टी, म्हणजे तरंगते धागे किंवा निळ्या आकाशावर पळणारे चमकते बिंदू, प्रमाणाबाहेर दिसणे. उजेड न सोसणे. अंधारात कमी दिसणे. शिवाय दुसऱ्या कुठल्या आजाराने याचा उलगडा होत नसावा. अर्धशिशीच्या झटक्याआधीची नागमोडी झगमग वेगळी. ती हळूहळू पसरते आणि साधारण ५ ते ६० मिनिटांत ओसरते. घोटाळा होतो तो यामुळे की अर्धशिशी यातल्या अनेकांना असतेच.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एकेक डोळा झाकून पाहावे. त्रास एकाच डोळ्यात असेल तर कारण बहुधा त्या डोळ्यातच असते, आणि मग ‘स्नो’ म्हणून सोडून देऊ नये. एका डोळ्यानेही अक्षराला सावली दिसत असेल तर कागदाला सुमारे एक मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून पाहा. सावली गेली तर चष्म्याचा नंबर, कोरडेपणा किंवा मोतीबिंदू यांचा विचार आधी. मुंग्या मात्र भोकातून पाहिल्याने जात नाहीत. अनेकांना तर त्या डोळे मिटल्यावरही दिसतात. धागे आणि रेंगाळणारी प्रतिमा यांत गल्लत होते, त्यालाही सोपी खूण आहे : नजर फिरवली की धागा थोडा मागे राहून सरकतो, प्रतिमा नजरेबरोबर जाते.

तपासणी अर्धवट राहते ती बहुतेकदा थेंब न टाकल्यामुळे. बाहुली मोठी केल्याशिवाय पडद्याच्या कडा नीट दिसत नाहीत आणि मध्यभागाच्या ओसीटीत (पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये) कडेची चीर येत नाही. थेंबांना अर्धा तास लागतो, पुढे काही तास धूसर दिसते. गाडी चालवत जाऊ नये. दृष्टिक्षेत्राची चाचणी दमलेल्या अवस्थेत किंवा पापणी खाली आलेली असताना केली की खोटे डाग उमटतात, तेव्हा ती पुन्हा करून घ्यावी. अंधारात दिसणे कमी होत चालले असेल तर पडद्याची विद्युतचाचणी, ईआरजी, जरूर मागावी. पडद्याचे काही आजार सुरुवातीला साध्या तपासणीत लपतात. चालू औषधांची यादीही द्यावी. ट्रॅझोडोन, टोपिरामेट, क्लोमिफीन यांनी प्रतिमा रेंगाळू शकते. पण औषध परस्पर बंद करू नये. भ्रम निर्माण करणारी नशा कधी केली असेल तर तेही न लाजता सांगावे, कारण तिच्यानंतरही हुबेहूब असाच त्रास मागे राहू शकतो.

काही लक्षणांना मात्र वहीत नोंदवत बसायला वेळ नसतो. अचानक लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव, बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखे दिसणे : त्याच दिवशी रेटिनातज्ज्ञ. पन्नाशीनंतर कानशिलात दुखणे, चावताना जबडा भरून येणे आणि क्षणभर अंधारी : त्याच दिवशी ईएसआर व सीआरपी या रक्तातील दाह दाखवणाऱ्या चाचण्या. वाकल्यावर काही सेकंद काळोख आणि डोकेदुखी : डोळ्याच्या नसेची सूज तातडीने तपासावी. अचानक अर्धे दिसेनासे होणे : थेट आपत्कालीन विभाग.

खात्रीचा इलाज आज नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. लॅमोट्रिजिन हे मूळचे फिट्सवरचे औषध काहींनाच उपयोगी पडते. गुलाबीसर एफएल-४१ काचांनी उजेडाचा त्रास काहींचा कमी होतो. घरात काळा गॉगल लावून बसू नये, डोळे आणखी हळवे होतात. या सिंड्रोममुळे आंधळेपण येत नाही. हे एक वाक्य रुग्णाला ऐकायला मिळालेच पाहिजे, पण सगळ्या तपासण्या नीट झाल्यावर.

नेत्रतज्ज्ञांना विनंती, ‘नॉर्मल’ लिहिण्याआधी वरची चार लक्षणे विचारा आणि शंका राहिली तर न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टकडे (दृष्टीच्या मेंदू व नसांशी निगडित आजारांच्या तज्ज्ञाकडे) चिठ्ठी द्या. रुग्णांनी दृष्टिक्षेत्र व ओसीटीच्या मूळ प्रती जपून ठेवाव्यात. बदल झाला की नाही, हे पुढच्या वेळी जुना कागद शेजारी ठेवूनच ठरवता येते.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट